शिशाचा पोपट आणि किडूकमिडूक

अक्का,

इतक्या उशिरा लिहितोय, रागावू नकोस. आई असूनही सगळ्यांसारखं मीही तुला अक्काच म्हणत आलो, तेव्हा इथेही तेच. लिहायचं म्हटलं की चौथीत सुटलेली शाळा आठवते आणि हात अडखळतो. पण काल माझा जीव असा काही भांड्यात पडला, की तुला सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाही.

आपलं पेटेतलं, जुन्या बाजारातलं भाड्याचं घर आम्ही सोडलं. मुलाची नोकरी महादेवपुऱ्यात, त्याचा अर्धा जीव रस्त्यातच जायचा, म्हणून तिथेच फ्लॅट घेतला. गेले काही दिवस सून सामान काढत होती. पुण्याची आहे, हात झटपट चालतो. "हे हवंय, बाबा? हे टाकू?" मी नवरात्रात पायऱ्यांवर मांडायच्या दसऱ्याच्या बाहुल्यांची ट्रंक दाखवली, पण तुझी पत्र्याची पेटी दाखवायला लाजलो. तुझ्यामागे बाहुल्या मांडणंच बंद पडलं, तिने ते कधी पाहिलेलं नाही. शेवटच्या पायरीवर, वाटीत उगवलेल्या रागीच्या हिरव्या रोपांत तू मांडायचीस ते सगळं त्या पेटीत. शिशाचा पोपट, काचेचे मणी, बोटाएवढं पितळी जातं. बघायला आलेल्या बायका विचारायच्या, "अक्का, हे काय?" आणि तू हसून म्हणायचीस, "आमचं किडूकमिडूक." मला वाटायचं, हा शब्द आपल्याच घरचा, कानडी-मराठीच्या खिचडीतला. पुण्याच्या माणसापुढे तो काढायचा कसा?

काल सकाळी टेम्पो निघून गेला आणि पाहतो तर फळीवर पेटी नाही. टाकाऊ सामानाची पोती तर आधीच गेलेली. कॅबमध्ये बसलो, तोंडाला कोरड. नात म्हणते, "अज्जा, पाणी पी स्वल्प." बाटली तशीच धरून बसलो. शेवटी पुटपुटलो, "फळीवर ते... किडूकमिडूक होतं."

सुनेने ओढणी बाजूला केली. पेटी तिच्या मांडीवर!

"अहो बाबा, उघडून पाहिलं तेव्हाच म्हटलं, हे आजींचं किडूकमिडूक दिसतंय. ते कधी टेम्पोत टाकतात का? घर बदलताना ते बाईच्या हातात असतं."

"तुमच्याकडेही म्हणतात?"

"म्हणजे काय! माझ्या आजीच्या पेटीत कुड्या, कानातली तुटकी फुलं, थोडे सोन्याचे मणी. अडीनडीला मोडायचं ते किडूकमिडूक."

"पण आपल्यात तर पोपट आहे," नात म्हणाली. "मग हे नाव कुठून आलं?"

"विचार तुझ्या अज्जाला."

आणि मला एकदम आठवलं. मी लहान आहे, विषमज्वराने अंथरुणाला खिळलोय, आणि तू उशाशी बसली आहेस. तुझ्या कानांत कुड्यांच्या जागी कडुलिंबाच्या काड्या. "कुड्या कुठं गेल्या, अक्का?" "टोचत होत्या रे. झोप तू." मी झोपलो, आणि इतकी वर्षं तेच खरं मानलं. पेटी रिकामी झाली तेव्हा तू तिच्यात पोपट ठेवलास, मणी ठेवलेस, आणि नाव तेवढं तसंच राहू दिलंस. आपल्या घरात तो शब्द असा राहिला. त्याआधी तो कुठून आला ते सुनेलाही सांगता आलं नाही. नातीला म्हणालो, "आधी सोनं होतं. माझ्या दुखण्यात गेलं, मी वाचलो." ती म्हणाली, "सरी, बरं," आणि पोपट मागून घेतला.

आता त्या दोघी रिकाम्या खोक्यांवर चादर घालून पायऱ्या करताहेत. रागी भिजत घातली आहे. सून मला विचारून एकेक वस्तू पुसते आहे, आणि मला, खरं सांगतो, फार हलकं वाटतंय. हे पत्र पेटीत तळाशी ठेवतो, दुसरं कुठे टाकणार?

एकच घोळ झालाय. पोपटाचं तोंड कुणीकडे करायचं, असं सुनेने विचारलं. मला आठवेना. एवढा मान मिळाल्यावर नाही कसं म्हणू? पूर्वेला, असं ठोकून दिलं. खरं काय ते लवकर कळव, अक्का. नवरात्र तोंडावर आलंय.