तुझ्या पायांवरची जागा

आई,

तुला जाऊन अकरा वर्षं झाली. माझी लेक आता सव्वादोन वर्षांची आहे. तिला तू पाहिलं नाहीस, आणि तिची पहिली बातमी तुला द्यायची ती अशी की शी-शू लागली की ती मला सांगत नाही, आजीला सांगते. मी समोर उभी असले तरी मला वळसा घालून जाते. इतक्या वर्षांनी आईला लिहायला बसावं आणि विषय हा निघावा, तू हसशील. मला मात्र हसू येत नाही, माझा जळफळाट होतो. सासूबाईंनाही मी आईच म्हणते, पण या कागदावर तो शब्द तुझ्यासाठीच राखून ठेवते.

आमगावहून सकाळची गाडी धरून मी दरेकशाकडच्या एका शाळेत शिकवायला जाते. परत येईपर्यंत दिवस कलतो आणि तेवढ्यात लेक पूर्ण आजीची होऊन बसते. पावसाळा सरता सरता ती धानाच्या कोठीआड लपायला लागली. चेहरा लाल करून गुपचूप उभी राहायची, आणि मला तू आठवायचीस. अंगणवाडीत येणाऱ्या बायांना तू हेच तर सांगायचीस. लेकरू आडोसा शोधायला लागलं, ओली चड्डी ओढायला लागलं, दोन-दोन तास कोरडं राहायला लागलं की त्याला समजू लागलं म्हणायचं. तेव्हा सुरू करा, त्याआधी घाई नको. झोपून उठल्यावर बसवा, जेवल्यावर बसवा, झालं तर बरं, नाही तर उठवा, पण हात उगारू नका. मला सगळं पाठ होतं. म्हणून मी मोठ्या हौसेने गोंदियाच्या बाजारातून बदकाच्या तोंडाचं पिवळं भांडं आणलं. लेकीने आधी त्यात बाहुली बसवली, मग मुरमुरे भरले. यात आता धान मोजू काय, असं सासूबाईंनी विचारलं. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर त्या मोरीजवळ पाटावर बसलेल्या, लेक त्यांच्या पायांवर, आणि काम झालेलंसुद्धा. दोघी एकमेकींच्या हातावर टाळी देत होत्या. मी खांद्यावरची पिशवी काढायचीही विसरले.

लेकराला पायांवर बसवायची ही रीत मला नवी थोडीच आहे. मी पाच वर्षांची आहे. अंगणवाडीच्या मागे, बोडीच्या पाण्याकडे तोंड करून तू खाली बसली आहेस. पाय समोर घेतलेले, दोन्ही पावलांत वीतभर जागा. त्या जागेत गावातलं कोणाचंही लेकरू बसतं, तुझ्या नडग्यांना पाठ टेकून. तू त्याच्या कानाशी सू-सू करतेस आणि दुसरं काही कामच नसल्यासारखी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहतेस. मी आत सतरंजीवर पाटी घेऊन बसलेली आहे, शहाणी आणि कोरडी, अंगणवाडीबाईची पोरगी. माझी पाळी कधीच येत नाही. एका सकाळी मी बसल्या जागी सतरंजी ओली केली. तू मला उचललंस, फ्रॉक बदललास आणि सगळ्या पोरांसमोर विचारलंस, "तुले समजते ना? मंग काऊन केलं असं?" मी तोंड उघडलं नाही. घरी आल्यावर तू दोनदा माझं कपाळ चाचपून पाहिलंस.

आता माझे प्रताप ऐक. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते. म्हटलं, आता तरी लेक माझ्याकडे येईल. ती उठल्या उठल्या आजीचा पदर धरायला धावली. मग मी तिला डायपर चढवलं. थंडी पडली आहे, हे कारण सांगितलं. लेकीने आधी ते ओढलं, रडली, मग तिने नाद सोडला. आठ दिवसांत ती उभ्या उभ्या, खेळता खेळता करायला लागली. कोणालाच सांगेना, आजीलाही नाही. मला दोन दिवस बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

सुट्टी संपायच्या आदल्या दुपारी सासूबाई अंगणात कपडे वाळत घालत होत्या. माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारलं, "पोट्टीले समजून राहिलं होतं. मंग काऊन केलं असं?"

तुझाच प्रश्न. तेव्हा मी गप्प बसले होते, या वेळी बोलले. ती तुम्हालाच सांगते, मला सांगत नाही, एवढंच म्हणाले आणि वेड्यासारखी रडले. आता चार शब्द ऐकावे लागणार असं वाटलं. त्यांनी बादली खाली ठेवली.

"मी खाली बसून रायतो, म्हणून मले सांगते. तू उभी रायतेस, घड्याळ पाहून रायतेस. बस खाली."

त्यांनी मला पाटावर बसवलं, माझी पावलं स्वतःच्या हाताने लांब केली, मधलं अंतर नीट केलं. मी ओळखते ते अंतर. तेव्हापासून डायपर बंद, आणि मी रोज गाडीच्या आधी थोडा वेळ मोरीजवळ नुसती बसते. लेक दारातून पाहायची आणि पळून जायची. एकदा तर माझ्या पावलांमध्ये तिने बाहुलीच बसवली. काल रविवार होता. जेवण झाल्यावर तिने माझा कुर्ता ओढला आणि म्हणाली, "आई, शू." सासूबाई तिथेच तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, सूप घेऊन आत निघून गेल्या.

लेक माझ्या पायांवर बसली. तिची पाठ माझ्या नडग्यांना टेकली, तिचा भार माझ्या पावलांवर आला. मला आनंद झाला, खूप झाला. आणि त्याच क्षणी मला तिचा हेवा वाटला, आई. सव्वादोन वर्षांच्या माझ्याच पोरीचा. तिला बसायला दोघींचे पाय आहेत.

हे पत्र कुठे टाकणार? बदकाच्या भांड्यात आता कपड्यांचे चिमटे असतात, त्यांच्याखाली ठेवून देईन. पण तू विचारलं होतंस त्याचं उत्तर राहून गेलं. मला ताप नव्हता. मला समजत होतं. मला तुझ्या पायांवर बसायचं होतं.