कड्यातला ठिपका

२ जून
जंतूला कसं कळतं, की उद्या आपल्यावर कोणतं औषध येणार आहे? आज फोनवर आईने विचारलं आणि मला खरंच उत्तर देता आलं नाही. एवढी शिकलीस आणि एवढं सांगता येईना, म्हणून ती पोटभर हसली. घरातली पहिली पदवीधर मी. चेष्टेचा हक्क तिचाच.

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. इथली रीत मजेची. नव्या माणसाने पहिल्याच दिवशी काचेच्या बशीतल्या जंतूंच्या खाद्यावर आपला तळवा उमटवायचा. म्हातारे तंत्रज्ञ, ज्यांना सगळे काका म्हणतात, म्हणाले, उद्या बघू तुझ्याकडे किती पाहुणे उतरलेत ते. मागच्या इमारतीत खोली मिळाली आहे. खाट, जड कपाट, मोठी खिडकी. आईचं पोटाचं ऑपरेशन इथेच करून तिला माझ्याजवळ ठेवायचं. आता आपण कुणाच्या तरी उपयोगी पडणार!

५ जून
काम हाताला बसतंय. जखमेतला पू बशीत पसरायचा, वर औषधांच्या चकत्या ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी बशीभर जंतूंची साय धरते, चकतीभोवती मात्र स्वच्छ कडं राहतं. कडं मोठं, तर औषध लागू. आज एका शिंप्याच्या बशीत चांगलं रुंद कडं होतं, पण आत एकच ठिपका. काकांना दाखवला. एखादा चुकार असतोच, ते म्हणाले. पट्टीने कडं मोज आणि पुढे चल, ठिपक्यांच्या नादी लागलीस तर इथेच म्हातारी होशील. सगळे हसले, मीही. अहवालात लिहिलं, औषध लागू.

१२ जून
आईचं ऑपरेशन छान झालं. आज ती खोलीवर आली. कपाट लावण्यावरून मला दोनदा बोलूनही झालं.

शिंप्याला उतार पडला होता, पण ताप पुन्हा चढलाय. त्याच्या नव्या बशीत कडंच नाही. काठापासून काठापर्यंत साय.

आईला उत्तर दिलं. जंतूला काहीच कळत नाही. एकाचे दोन होताना आतला आराखडा उतरवला जातो, आणि कोट्यवधी वेळा उतरवताना कुठेतरी चूक होतेच. बहुतेक चुका वाया जातात. एखादीमुळे मात्र औषधाची आत शिरायची वाट बंद होते. मग आपण औषध देतो, बाकीचे मरतात, आणि मोकळं रान त्या एका चुकाराला मिळतं. आई म्हणाली, म्हणजे रान तुम्हीच साफ करून दिलंत की.

१७ जून
शिंपी गेला. त्याच्या शेजारच्या खाटेवरचा माणूसही. सगळ्या बशा सारख्याच दिसतात. काका आता पट्टी हातात घेत नाहीत. कुणी हसत नाही.
धुताना बशी फुटली. बोटात काच गेली, बारीकशी.

१९ जून
बोट ठणकतंय. तळवा पुन्हा बशीवर उमटवला. आहेत तेवढ्या सगळ्या चकत्या वर ठेवल्या. काका बघत होते.

२० जून
एकही कडं नाही. चकत्या सायीत बुडाल्यात.
लाल रेघ कोपरापर्यंत चढलीय. याच हातांनी काल आईचे टाके पुसले — हातमोजे होते. होते ना?

२१ जून
काकांना फोन केला. अंगभर झाकलेली माणसं घेऊन निघालेत. तोवर आईने आत येता कामा नये. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून ती व्हरांड्यात फेऱ्या मारायला गेली, तेवढ्यात मी —

परत आली. दार वाजवतेय. लेक तापाने फणफणतेय आणि मी बाहेर बसू, म्हणतेय. पदवी गेली चुलीत, म्हणतेय, उघड आधी.

सांगितलं. सगळं सांगितलं. ऐकत नाही. तिचे टाके अजून —

खांदा लावतेय दाराला. आई, नको गं. त्याला काही कळत नाही. तू कोण, तेही नाही —

दार हलतंय. हलू दे. कपाट मी मघाशीच ओढून दाराला