पोरांवर न चालणारा हात

प्रिय आत्याबाई,

तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला. आपण सासू-सुना एकाच चुलीपाशी बसायचो, तेव्हा चिठ्ठी लिहायची वेळ कधी आलीच नाही, आणि तुम्हाला तर अक्षरओळखही नव्हती. तरी आज लिहायला बसले आहे. दुपारी तुमच्या नावाने दारात हाक आली आणि उत्तर मला द्यावं लागलं. ते बरोबर दिलं का, हे दुसऱ्या कोणाला विचारू?

लग्न होऊन वर्ध्याहून अल्लीपूरला आले तेव्हा सातवी पास असल्याचा केवढा ताठा होता मला! विंचू उतरवणारी सासू म्हटल्यावर मी पदराआड हसले होते. बोलावणं आलं की तुम्ही भरल्या ताटावरून उठायच्या आणि परतल्यावर त्या ताटावर बसायच्या नाहीत. नियमच तसा, म्हणायच्या. मी थापलेल्या भाकरी गाईच्या तोंडी जायच्या. मला राग यायचा, आणि तो तुम्हाला दिसायचाही.

तुमचा उपाय एकच: एका झाडाचं मूळ उगाळून लावायचं, विंचू चावलेला पाय मांडीवर घ्यायचा आणि कापसाच्या, सोयरिकीच्या गोष्टी करत बसायचं. दोन-तीन तासांत कळ उतरायची. मोठ्या काळ्या विंचवाला सगळे टरकायचे. तुम्ही म्हणायच्या, "हा दिसाले मोठा हाय, पन याचं काई नाई. त्या बारक्या लालाचा भेव धरा." कोणी मनावर घ्यायचं नाही.

लहान मूल आणलं की मात्र तुम्ही मुळाला हातही लावायच्या नाहीत. "लेकरावर माहा हात चालत नाई. गाडी जुंपा, हिंगणघाटले दवाखान्यात न्या." लोक काय काय बोलले तुम्हाला! एकीने तर अंगणात उभं राहून बोटं मोडली. खरं सांगू? तेव्हा मलाही तुम्ही दगडाच्या काळजाच्या वाटायच्या.

मग गोवऱ्या काढताना आपल्या शशीला, माझ्या लेकीला, विंचू चावला. चार वर्षांची पोर, आणि विंचू लाल. घामाने भिजली, ओकली, हातपाय गार पडले. मी, सातवी पास, तुमच्या पायाशी लोळण घेतली, "लावा ना मूळ!" तुम्ही स्वतः बैल जुंपलेत.

गाडीत शशी माझ्या मांडीवर होती. तेव्हा तुम्ही म्हणालात, "कमल, मुळानं काई होत नाई व. मोठ्याची कळ आपोआप उतरते. लेकराची नाई उतरत. माही शेवंती गेली, तवा माह्या सासूनं मूळच लावलं होतं. मले गाडी जुंपा म्हनाले तोंड नोतं."

शेवंती! तुमची थोरली मुलगी, लहानपणी गेली एवढंच मला ठाऊक होतं.

शशी वाचली. चौथ्या दिवशी घरी आल्यावर मी तुमच्याशी भांडले, आठवतं? गावाला खरं का सांगत नाही, म्हटलं. तुम्ही तांदूळ निवडत होतात. "मूळ कामाचं नाई म्हनलं, त माह्यापाशी कोनी येईन काऊन? दुसऱ्या कोनापाशी जातीन. माह्यापाशी आले त गाडी तरी जुंपतीन."

त्याला आता पाच वर्षं झाली.

आज मी जेवायला बसले होते. कापूस वेचायला गेलेली एक बाई तीन वर्षांच्या मुलीला घेऊन धावत आली. लालच होता. बरोबर तिची सासू. "आत्याबाईचा हात सुनेकडं आला असन ना?" माझ्या ओठांवर खरं आलं होतं. पण ती म्हातारी लगेच म्हणाली, "नसन आला, त बुवाकडं नेतो." बुवा म्हणजे अंगारा लावून संध्याकाळपर्यंत मंत्र म्हणत बसणार.

मी उठले. म्हटलं, "हात मले देल्ला आत्याबाईनं. पन लेकरावर चालत नाई. गाडी जुंपा."

तुम्ही मला कसलाही हात दिला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा एवढं खोटं बोलले, आणि त्यांनी गाडी जुंपली. त्यांच्या घरचा माणूस रात्री दवाखान्यातून परत येऊन सांगून गेला, पोरीने दुधाचे दोन घोट घेतले. दुपारी गाडी निघाल्यावर घरात आले, तर माझं ताट तसंच होतं. भाकरी गाईला घातली.

शशीच्या पुस्तकात जगातल्या विषारी प्राण्यांचा धडा आहे. नाग आहे, समुद्रातले साप आहेत, कुठलासा काटेरी मासा आहे. आपला बारका लाल त्यात नाही. मी पेन्सिलीने समासात लिहून ठेवला आहे.

आत्याबाई, मोठं माणूस आलं तर मी मूळ उगाळीन, पाय मांडीवर घेईन, सोयरिकीच्या गोष्टी करीन. लेकरू आलं तर शिव्या खाईन. पण शशीला हे सगळं उद्याच सांगणार आहे, शेवंतीसकट. गाडीत बसायची वेळ यायच्या आधी.

तुमची,
कमल