धडाम म्हणजे डावा पाय

२ नोव्हेंबर, सकाळी ७
संकल्प : आजपासून राग बंद. बँडमास्तर महिनाअखेर रिटायर होतायत. पलटणीच्या वर्धापनदिनाला माझा देशभक्तिपर मार्च वाजला, की त्यांची छडी माझ्याच हातात. पंधरा वर्षं मोठा ड्रम बडवला, आता माणसं वळणावर आणायची. प्रेमाने.

संध्याकाळी
शेजाऱ्याचा रेडिओ फार मोठ्याने चालू होता. समजावायला गेलो. रेडिओ फुटला. त्याचं नाकही, पण ते आधीपासूनच कच्चं असावं.

६ नोव्हेंबर
मार्च पूर्ण! सगळं जग दोन मात्रांत लिहितं, मी तीन मात्रांत लिहिला. देश, शौर्य आणि मी. दर तिनातल्या पहिलीला ड्रमचा धडाम. बायकोला टेबलावर वाजवून दाखवला. काचेचा जग गेला. ती म्हणाली, हे ऐकून कुणाचातरी गळा धरावासा वाटतो. हीच ती देशभक्ती.

९ नोव्हेंबर
रिहर्सल. आमची रिहर्सल खुर्च्यांवर बसून होते, चालायची भानगड नाही. मास्तर म्हणाले, गोड आहे. मेहुणा ट्राँबोन वाजवतो, तो मध्येच थांबून बूट आपटायला लागला.
“दाजी, धडाम म्हणजे डावा पाय. तुमचा दुसरा धडाम उजव्यावर पडतोय.”
जळतो मेला. स्टँड फेकला. क्लॅरिनेटवाल्याला लागला. नेम सुधारायला हवा.

१४ नोव्हेंबर
मेहुण्याने घरी येऊन बायकोचे कान भरले. जवान भरती झाल्यापासून ठोक्याला डावाच पाय टाकतात, म्हणे. मी म्हटलं, मग बदलतील पाय, हुशार असतात ती पोरं. बायको म्हणाली, एक मात्रा वाढवा की. घरातच फितुरी! धाडकन दार आपटलं. मध्ये बोट होतं. माझंच.

२० नोव्हेंबर, परेड
चारशे जवान. पहिला धडाम, डावा पाय. झकास. दुसऱ्या धडामला चारशे जण पाय बदलायला एकदम उडाले. तिसऱ्याला परत. मला वाटलं, अंगात आलंय. तेवढ्यात मागच्याचा बूट पुढच्याच्या टाचेवर, रायफलचा दस्ता हनुवटीवर, अख्खी रांग तोंडघशी. कुणीतरी कुणाची कॉलर धरली आणि दोन तुकड्या एकमेकींच्या उरावर बसल्या. पाहुण्यांच्या खुर्च्यासुद्धा उडत होत्या. मेहुणा वाजवायचं सोडून माझा हात धरायला आला. मी ड्रमचं टिपरू त्याच्या तोंडावर हाणलं. समोरचे दोन दात खलास. मग कुणीतरी माझ्या मनगटावर उभं राहिलं.
तरी डाव्या हाताने शेवटपर्यंत वाजवला.

२५ नोव्हेंबर, दवाखाना
अकरा जखमी. एकानेही मार्चबद्दल तक्रार केलेली नाही. चौघांचे जबडे बांधलेत, ते सोडून देऊ. छडी नक्की. असा परिणाम दुसऱ्या कुणाच्या संगीताने केलाय?

३० नोव्हेंबर
छडी मेहुण्याला.
पलटणीचे साहेब म्हणाले, समोरचे दात नसलेला माणूस ट्राँबोन फुंकणार कसा? इतका चांगला वादक वाया कशाला घालवायचा, छडी तरी हलवू दे. म्हणजे ती मीच त्याच्या हातात दिली. स्वतःच्या हाताने. रडू आलं.
बायको पहिल्यांदाच भेटायला आली. खुर्ची ओढून बसली.
“पंधरा वर्षांत तुमचा हा एकच ठोका बरोबर जागी पडला,” ती म्हणाली.