जे वर, तेच खाली

मी, आशाबाई माणिकराव नारखेडे, वय बहात्तर, मु. धरणखेड, ता. मोताळा, जि. बुलढाणा. सीताफळाचे डोळे उघडले की नाही, हे मी अजून चार हातांवरून सांगते. तेव्हा माझी बुद्धी शाबूत आहे हे वकिलांनी वेगळे लिहू नये. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दबाव नाही. कोणी टाकून बघावा.

१. सव्वा एकर सीताफळाची बाग, विहिरीतल्या हिश्श्यासह, सून सुचिता हिला. तिचा हात हलका आणि जीभ तिखट आहे. बाग राखायला दोन्ही लागतात.

२. राहते घर मुलगा राजकुमार याला.

३. आमच्या अकरा छोट्या बागायतदारांच्या गटाचे अध्यक्षपद दीर रंगराव यांना मुळीच देऊ नये. मार्केटिंग शिकायला ते तीनदा पुण्याला गेले आणि तिन्ही वेळा फुकटची पिशवी घेऊन आले.

४. सरकारी योजनेचा फलक, ज्यावर साहेबांचा चेहरा परातीएवढा आणि सीताफळ बोराएवढे आहे, तो गोठ्यावर टाकावा. तिथे गळते.

५. तीन वर्षांपूर्वी मलकापूरहून रेल्वेने नागपूरला पाठवलेला गटाचा माल व्यापाऱ्याने परत केला. क्रेटमध्ये वर टपोरी, खाली बारकी फळे निघाली. ‘जे वर, तेच खाली’ हा गटाचा नियम मीच केलेला. भरणीचे काम राजकुमारकडे होते, म्हणून भरसभेत मी त्याला वाट्टेल ते बोलले आणि गटातून काढले. गाव त्याला अजून ‘थरवाला’ म्हणते. तो मलकापुरात दुसऱ्याच्या दुकानी पेट्या उचलतो.

ते क्रेट मी भरले होते. त्या साली माझीच फळे बारीक होती, आणि अध्यक्षबाईंची फळे बारीक कशी दिसतील? राजकुमारने मला भरताना पाहिले होते. तो एक शब्द बोलला नाही. त्याचे ते गप्प बसणे मला रोज टोचते.

माझ्या तेरवीनंतर हे कलम गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचावे.

सह्यांआधी हे सारे साक्षीदारांना वाचून दाखवले. तानुबाई म्हणाली, “जित्ती हायेस तं आताच सांग ना माय. मेल्यावर तुले काय लाज वाटनार हाये?”

सबब कलम ५ मधले शेवटचे वाक्य रद्द. बैठक उद्या सकाळी आहे. राजकुमारला दुकानातून सुट्टी घ्यायला सांगितले आहे. कशासाठी, ते सांगायची हिंमत झालेली नाही.

ठिकाण : मोताळा
दिनांक : ८ ऑगस्ट २०२४

सही : आशाबाई माणिकराव नारखेडे

साक्षीदार :
१. वैजनाथ खर्चे, गटाचे सदस्य (सही)
२. तानुबाई सोनोने, गटाच्या सदस्य (अंगठा)