आबांनी पाहिलेली जागा

४ एप्रिल १९९९, रविवार. दौंड
मालकांनी पुन्हा विचारलं — "मेअखेरीला खोली मोकळी होईल ना, शितलताई?" त्यांच्या मुलाचं लग्न आहे. होईल म्हटलं. कुठं जायचं ते मात्र ठरत नाही!
ह्यांचं म्हणणं पाबळ. तिथं हातानं काम शिकवतात, मुलीला घरीच शिकवतो म्हटलं तर कोणी डोळे वटारणार नाही. माहेरचे म्हणतात न्हावऱ्याला या. म्हणजे रोज सकाळी दारात कोणीतरी — "पोरगी साळंत न्हाई जात व्हय?" मला इनामगाव हवंय. घोडनदी हवीय.

६ एप्रिल
धनश्री आठ वर्षांची. पहिलीत चार महिने गेली, तेवढंच. डावखुरी म्हणून बाईंनी तिचा हात बाकाला बांधला होता. त्या दिवशी दप्तर घरी आणलं ते आणलंच. छान वाचते, पाढे एकोणतीसपर्यंत पाठ. पण ह्या दहा बाय दहाच्या खोलीत मी तिला काय दाखवणार? तिच्या वयाची असताना मी आबांच्या मेंढरांमागं घोडनदीच्या काठानं फिरत होते. आज एक गाव, चार दिवसांनी दुसरं. ते सगळं तिच्यासाठी हवंय. खरं सांगायचं तर माझ्यासाठीच हवंय.

७ एप्रिल
आज पुन्हा भांडण. पाबळ, इनामगाव, पाबळ, इनामगाव. भाजी करपली.

१८ एप्रिल
न्हावऱ्याला जाऊन आले. चहा पिता पिता आबा म्हणाले, "तुझ्या साळंपायी मेंढरं इकली म्या. आन् तू नातीला घरात बसिवती."
दीडशे मेंढरं होती. मी तेव्हा अकरा वर्षांची. विकून आले त्या दिवशी आबा जेवले नव्हते, एवढं मला आठवतं.
निघताना म्हटलं, आबा, इनामगावात जागा तुम्हीच बघा. मेंढरांचा तळ हलवायचा असला की एक दिवस आधी तुम्हीच पुढं जायचात ना. हो म्हणाले नाहीत. वहिनीला काठी कुठाय ते विचारलं.

२६ एप्रिल
आबा इनामगाव बघून थेट इकडं आले! "पाणी बारमाही. जमीन निचऱ्याची. वाऱ्याला आडोसा हाय. आन् गावापास्नं लांब, म्हंजी कुत्र्यांचा तरास न्हाई." मळ्यातलं दोन खोल्यांचं घर, सगुणाबाई म्हणून कोणी आहेत त्यांचं. सांगताना आबा एकदम तरणे दिसत होते. मला इतकं बरं वाटलं की मी मोरीत जाऊन रडून घेतलं.
हे म्हणाले, "एकदा आपण बघून येऊ या का?" मी म्हटलं, आबांची जागा कधी चुकत नाही.

३० मे, रविवार. इनामगाव
आलो. दारातून नदी दिसते. धनश्रीनं डाव्या हातानं वाळूत स्वतःचं नाव लिहिलं. मी बघत बसले, सामान तसंच पडलं.

९ जून
आबा आठ दिवस राहून गेले. नातीला माग काढायला शिकवलं, वारा ओळखायला शिकवलं. शाळेचा विषय एकदाही नाही. तिला काठावर जुन्या खापराचे तुकडे सापडतात. हजारो वर्षांपूर्वी इथं माणसं राहत होती म्हणे. आज एक नक्षीचा तुकडा सापडला. "आई, हा कुणाला दाखवू?" मला दाखव म्हटलं. "तुला दाखवला की."

१३ जून
सगुणाबाई दूध घेऊन आल्या. विचारलं, इकडं मुलं खेळायला का येत नाहीत? त्या हसल्या. "हितं कशाला येत्यात पोरं? ह्ये रान पयल्यापास्नं मेंढरं बसवायचं."
आबांनी मेंढरांची जागा बघितली! सवयीनं. आणि मीही सवयीनंच हो म्हटलं. पाणी, वारा, कुत्री — सगळं विचारलं, शेजारी कोण आहे ते विचारलं नाही. रात्री ह्यांना हसत हसत सांगितलं. हे हसले नाहीत.

१७ जून
धनश्री नदीकाठी एकटीच शाळा-शाळा खेळत होती. बारा दगड ओळीत मांडलेले. प्रत्येकाचं नाव घ्यायची आणि दर वेळी निराळ्या आवाजात "हजर" म्हणायची. मी बाभळीमागं थांबले. शेवटी तिनं स्वतःचं नाव घेतलं. जरा वाट पाहिली. मग म्हणाली, "गैरहजर."