स्थिरांक पाहून कपाट हलवू नये

प्रति,
मा. भांडार अधिकारी,
शालेय साहित्य भांडार, नाशिक.

विषय : रसायनशाळेतील कपाट क्र. ३ न हलविणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र दि. १० जुलै २०२५.

महोदय,

वरील विषयास अनुसरून, मी हरसूल येथील कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहे. कपाट क्र. ३ मधील चांदीच्या द्रावणाच्या बाटलीचा केव्हाही स्फोट होईल, असे मी २० जूनला कळविले होते.

चूक माझीच आहे. फेब्रुवारीत बारावीच्या प्रात्यक्षिकासाठी सिल्व्हर नायट्रेटमध्ये अमोनिया घालून हे द्रावण केले. उरलेले त्याच दिवशी नष्ट करायचे असते, हे मला ठाऊक होते. पण चांदी मोरीत ओतायला माझा हात धजावला नाही. बूच लावून ठेवून दिले. जूनमध्ये पाहिले तर अमोनियाचा वास गेलेला आणि तळाशी काळा थर. हा थर नुसत्या धक्क्याने उडतो.

त्या अर्जात मी द्रावणातील चांदी-अमोनियाच्या जटिल आयनाचा 'स्थिरता-स्थिरांक' सुमारे एक कोटी सत्तर लाख असा लिहिला होता. त्यावर आपले उत्तर आले : "पदार्थ अतिस्थिर असल्याचे अर्जदारानेच नमूद केले असल्याने बाटलीसह कपाट टेम्पोने जमा करावे." साहेब, अमोनियाचे दोन रेणू चांदीच्या आयनाला किती घट्ट धरतात, एवढेच तो आकडा सांगतो. अमोनियाच उडून गेला तर समतोल ढळतो, मग धरायला कोण उरले? इथून नाशिकपर्यंतचा रस्ता आपण पाहिला असेलच.

पोलीस ठाण्यात गेले, तर "वस्तू शासकीय आहे, भांडाराचे पत्र आणा" म्हणाले. शेजारचा वर्ग मी देवळाच्या पारावर बसवते. कपाटासमोरून जाताना चपला हातात घेते. मला फार भीती वाटते. शिपाई हिरामण हसतो, "बाटलीला काय भ्यायचं, बाई? मी हाय ना, एकटा उचलतो." मला भीती आहे ती त्याचीच.

तरी कपाट हलविण्याचा आदेश रद्द करून बॉम्बशोधक पथकासाठी पत्र द्यावे.

टेम्पो उद्या सकाळी येणार आहे. टेम्पोवाला एकटाच असतो, आणि कपाट उचलणारा इथे हिरामणशिवाय कोणी नाही. म्हणून हा अर्ज पाकीट चिकटवून त्याच्याच हाती पाठवत आहे. पत्र देणे जमत नसेल, तर निदान हरसूलची शेवटची गाडी चुकेपर्यंत त्याला पोच देऊ नये, ही हात जोडून विनंती.

आपली नम्र व भयभीत,
उज्वला बहिरू भोये
प्रयोगशाळा सहायक
हरसूल, दि. १५ जुलै २०२५

सहपत्रे :
१. आपल्या पत्राची प्रत
२. बाटली (जोडलेली नाही)